खिळ्यावरच्या तीन म्होरक्या

१

चामड्याच्या बाटलीतून गोळी घरंगळत बाहेर आली आणि अल्सीद रीदोचा घोडा तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या मालकीचा झाला.

"दोन नंबर," रेस ऑफिसातला कारकून म्हणाला. "संडे हॅट, मिस्टर डुहॉन यांना."

अल्सीद हातात नवी म्होरकी घेऊन उभा होता. तेल पाजलेलं काळं चामडं आणि गालपट्टीवर पितळी पाटी. पाटीवर सुबक अक्षरांत 'संडे हॅट' आणि खाली बारीक अक्षरांत 'ए. रीदो'. म्होरकी अशी की बघणाऱ्यानं दोनदा बघावं. फक्त ती घालायला आता घोडा नव्हता.

बेल प्रेरीच्या ट्रॅकवर स्वस्तातले घोडे दाव्याच्या शर्यतींत पळतात. शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याची किंमत आधीच जाहीर असते. ज्याला तो हवा त्यानं पैसे जमा करायचे आणि शर्यतीच्या पंधरा मिनिटं आधी कुलूपबंद पेटीत बंद पाकिटातून चिठ्ठी टाकायची. एका शर्यतीत एका मालकाला एकच चिठ्ठी. गेट उघडलं की घोडा तुमचा, मग तो जिंको नाहीतर लंगडो. एकाच घोड्यावर दोन चिठ्ठ्या निघाल्या तर गोळ्या टाकून निकाल. आणि घोड्याबरोबर म्होरकी मिळत नाही, ती ज्याची त्यानं आणायची.

गोळी विरुद्ध पडली याचं अल्सीदला फारसं वाईट वाटलं नव्हतं. चाळीस वर्षं दोन-दोन डॉलर लावणारा माणूस गोळीवर रागावत नाही. पण पेटीत दुसरी चिठ्ठी आलीच कशी? संडे हॅट गेल्या सहा शर्यतींत सातव्याच्या वर आला नव्हता. त्याच्याकडे ढुंकून बघणारा एकच माणूस होता, आणि त्या माणसाच्या लक्षात आलं होतं की छोट्या पल्ल्याच्या या घोड्याला त्याचा मूर्ख मालक लांब पल्ल्यात दमवतोय. ब्लू टिकेटच्या वेळी हेच झालं होतं. टेन टू सिक्सच्या वेळीही हेच. दोन्ही घोडे डुहॉनकडे गेल्यावर जिंकले.

म्हणून या खेपेला त्यानं सापळा लावला होता. ट्रेनरला सांगितलं ऑक्टोबर जॉन. शेजारी बसून पैजा लावणाऱ्या झीनोला सांगितलं पिंक स्लिप. संडे हॅटचं नाव त्यानं कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. चिठ्ठी स्वतः लिहिली, पाकीट स्वतः चिकटवलं.

क्लेबर्ट डुहॉन आपली म्होरकी खांद्यावर टाकून आला. जुने ट्रक विकून गबर झालेला माणूस, स्वतःचे घोडे स्वतःच तयार करणारा. म्होरकी जुनाट होती, पण गालपट्टी नुकतीच शिवून घेतलेली, आणि शिलाई लाल दोऱ्याची. कुठल्या घोड्याच्या कुठल्या पायाला पट्टी आहे हे टिपायची सवय असलेल्या अल्सीदनं तेही टिपलं.

"काय मिस्टर रीदो," डुहॉन दात विचकत म्हणाला, "तुमची-माझी आवड एकच आहे की हो! मागच्या जन्मीचे भाऊ दिसतो आपण."

"भाऊ असतो तर वाटणीत मीच घोडा घेतला असता आणि तुला खोगीर दिलं असतं," अल्सीद म्हणाला आणि ताठ मानेनं निघाला.

पण आत पाल चुकचुकली होती. जे नाव त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, ते डुहॉनपर्यंत पोचलं कसं?

२

वॉलेस मेतवाये त्याचा ट्रेनर होता आणि मानलेला मुलगाही. चर्चमध्ये बाळ वॉलेसच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा त्याला हातात धरून अल्सीद उभा होता. पहिल्यांदा घोड्यावर बसवलं तेही त्यानंच. म्हणून चाळिशी गाठली तरी वॉलेस त्याला 'पारें' म्हणायचा. आमच्याकडे धर्मपित्याला तसंच म्हणतात.

रविवारी सकाळी वॉलेस तबेल्यात कॅप्टन क्रंबला खरारा करत होता. कॅप्टन हा अल्सीदचा सध्याचा एकुलता एक घोडा.

"पारें, तुम्ही तर ऑक्टोबर जॉनवर चिठ्ठी टाकणार होतात ना?"

"तुला तसं सांगितलं होतं."

वॉलेसचा हात थांबला. "म्हणजे माझी परीक्षा घेत होतात."

"वॉलेस, हे बघ. तुला नाव सांगितलं नव्हतं हे खरं. पण सकाळी कुंपणाशी उभा राहून मी कोणत्या घोड्याकडे किती वेळ बघतो, हे एकटा तूच ओळखतोस. घोडे बघायला तूही माझ्याकडूनच शिकलास."

"हो, शिकलो."

"मग डुहॉनला कोणी सांगितलं?"

वॉलेसनं खरारा खिळ्याला अडकवला. हात पुसले. तो ओरडला असता तर अल्सीदला बरं वाटलं असतं.

"कॅप्टनला चारा घातलाय," वॉलेस म्हणाला. "डाव्या मागच्या खुरावर लक्ष ठेवा. उद्यापासून दुसरा ट्रेनर बघा, पारें."

'पारें' हा शब्द त्यानं शेवटी तसाच ठेवला, आणि तोच अल्सीदला जास्त लागला. पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं वॉलेसला जाऊ दिलं.

३

मंगळवारी सकाळी अल्सीद ऑफिसात गेला. मालकांची खाती सांभाळणारी मिस अर्लीन प्रेजाँ खिडकीमागे बसून तिसरी कॉफी पीत होती. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "काय ते विचारा आणि मोकळे व्हा, मिस्टर अल्सीद. परवापासून तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालंय."

"मी पैसे भरले की तुम्हाला काय काय कळतं?"

"रक्कम कळते. घोडा कळत नाही. पाच हजार भरलेत म्हणजे पाच हजारांच्या शर्यतीतला कोणीतरी. शनिवारी तशा तीन शर्यती होत्या, तीस घोडे. तीसातून एक ओळखता आला असता तर मी या खिडकीत बसले असते का?"

ते त्याला पटलं. रक्कम फुटली असती तरी नाव निघालं नसतं.

झीनोला विचारायची गरजच पडली नाही, तो स्वतःच येऊन चिकटला. "तुझ्या पिंक स्लिपबद्दल मी निदान बारा जणांना सांगितलं," त्यानं निर्मळ मनानं कबूल केलं. "न्हाव्यालाही सांगितलं. तू गुपित म्हणाला होतास, म्हणून हळू आवाजात सांगितलं."

तरीही पिंक स्लिपवर एकही चिठ्ठी पडली नव्हती. बारा माणसं आणि एक न्हावी यांना कळलेल्या घोड्याकडे डुहॉन फिरकला नाही आणि कोणालाच न सांगितलेला घोडा अचूक उचलला. अल्सीद विचार करत वळला, तेवढ्यात मिस अर्लीननं हाक मारली.

"शनिवारची यादी लागलीय. सीझनचा शेवटचा दिवस. सहावी शर्यत बघून घ्या."

त्यानं भिंतीवरची यादी वाचली. पाच हजारांची दाव्याची शर्यत, फक्त घोड्या आणि खच्ची घोडे. तिसऱ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. कॉपर केटल, तांबडी घोडी, वय सहा.

"तिचा मालक रविवारी नेब्रास्काला चाललाय म्हणे, सगळे घोडे घेऊन," मिस अर्लीन म्हणाली. "का हो? ओळखीची आहे का?"

अल्सीदनं खिडकीतली यादीची एक छापील प्रत घडी करून खिशात घातली. ओळखीची! तिचा जन्म झाला तेव्हा कंदील त्याच्याच हातात होता.

४

"माझी तीती!" त्याची बायको वर्डी म्हणाली आणि हातातला डाव भेंडीच्या दाट रश्श्यात, गम्बोमध्येच सोडून खुर्चीवर बसली.

कागदावरचं कॉपर केटल हे नाव विकत घेणाऱ्यानं ठेवलेलं. घरात ती तीती होती. सहा वर्षांपूर्वी ईस्टरच्या पहाटे शिंगरू आडवं आलं, डॉक्टर दोन गावं पलीकडे. वर्डीनं बाह्या सरसावल्या आणि स्वतःच्या हातांनी त्याला वळवून बाहेर ओढलं. वर्षभर तीती तिच्या मागे मागे अंगणात फिरली, परसातल्या उसाची कांडं तिच्या खिशातून पळवून खात राहिली. मग विकावी लागली, कारण कुरणात गवत होतं तेवढं गाईंनाच जेमतेम पुरत होतं. वर्डी त्या दिवशी घराबाहेर आली नाही. त्याबद्दल पुढे कधी बोललीही नाही, आणि तेच अल्सीदला पाच वर्षं सलत होतं. गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यानं घोड्यांच्या मालकीचा परवाना काढला तो कशासाठी, हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. पण पाच हजारांच्या घोड्यांत तो ज्या घोडीची वाट बघत होता, ती आता तिथे येऊन पोचली होती.

"शनिवारी ती घरी आली पाहिजे, अल्सीद. रविवारी ती नेब्रास्कात असेल. तिकडे गेलेली घोडी परत येत नाही."

"डुहॉन चिठ्ठी टाकेल. कसं कळतं त्याला देव जाणे, पण टाकेल. गोळी त्याच्या बाजूनं पडली तर?"

"वॉलेस काय म्हणतो?"

अल्सीदनं मान खाली घातली. वर्डीला सगळं कळलं.

"त्या पोरावर आळ घेतलास? तुझ्या घोड्याला ताप आला तर तबेल्यात झोपणाऱ्या वॉलेसवर?" ती उठली. "तुझ्या नाकावर माशी बसली की दोष नेहमी दुसऱ्याचा. चाळीस वर्षं बघतेय. बस तिथे आणि घोड्यांचं पुस्तक वाचतोस तसा विचार कर. डुहॉन तीनदा आला. आला नाही असं कधी झालं?"

"कॅप्टनच्या वेळी नाही आला."

"का नाही आला?"

अल्सीद बोटांवर मोजायला लागला. कॅप्टन क्रंब त्यानं मार्डी ग्रासच्या, म्हणजे कार्निव्हलच्या सणाच्या आठवड्यात घेतला. पेटीत त्याची एकट्याचीच चिठ्ठी होती. कॅप्टनबद्दल वॉलेसला माहीत होतं, झीनोला माहीत होतं. म्हणजे झीनोच्या तोंडातून निदान न्हाव्यापर्यंत गेलंच असणार. अर्लीनकडे पैसे भरले होतेच. सगळ्यांना ठाऊक असलेल्या घोड्याकडे डुहॉन आला नाही, आणि कोणालाच ठाऊक नसलेला संडे हॅट घेऊन गेला.

"म्हणजे माणसाच्या तोंडून जात नाहीये," तो हळूच म्हणाला.

"मग कशातून जातंय?" वर्डीनं डाव दाराकडे रोखला. "आणि त्या तीन म्होरक्यांचं काय करायचं तेही सांग. घोडे नाहीत आणि नुसतीच नावं लटकतायत. येणारा जाणारा हसतो."

दाराजवळच्या खिळ्याला तीन नव्या म्होरक्या होत्या. ब्लू टिकेट. टेन टू सिक्स. संडे हॅट. तीन चकचकीत पाट्या. आणि कॅप्टनची पाटी? ती घोडा घरी आल्यावर आठ दिवसांनी लागली होती, कारण मार्डी ग्रासला दुकान बंद होतं.

अल्सीदला डुहॉनच्या म्होरकीवरची लाल शिलाई आठवली. आख्ख्या परगण्यात लाल दोऱ्यानं शिवणारा एकच माणूस होता.

"गम्बो झाकून ठेव," तो टोपी घेत म्हणाला. "मी चोर पकडून येतो."

"कोण आहे चोर?"

"मला वाटतं, त्याला तू चांगली ओळखतेस."

५

म्हाताऱ्या फ्यूसेलिएचं दुकान ट्रॅकपासून बारा मैलांवर, गावात टपाल कचेरीशेजारी. खोगीर शिवायचं, लगाम दुरुस्त करायचे आणि पितळी पाट्यांवर नावं कोरायची हा त्याचा धंदा. म्हातारा कमी बोलायचा आणि कोणाच्या चहाड्या तर कधीच करायचा नाही. म्हणूनच तर अल्सीदनं त्याला कधी संशयितांत धरलं नव्हतं.

दारातून आत येताच अल्सीद गल्ल्यामागच्या फळीकडे बघत उभा राहिला. दोन वर्षं तो या दुकानात येत होता, आणि फळीकडे बघायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. फळीवर ओळीनं खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला कोरून तयार झालेली एकेक पाटी, गिऱ्हाइकाकडे तोंड करून.

"पाट्या इथे किती दिवस असतात, मिस्टर फ्यूसेलिए?"

"गिऱ्हाईक नेईपर्यंत. हातानं केलेलं काम आहे, लोकांनी बघायला नको?"

"आणि क्लेबर्ट डुहॉन?"

"दर बुधवारी येतो. बुधवारी शर्यती नसतात ना. त्याचं सामान म्हणजे चिंध्या, दर आठवड्याला काहीतरी तुटलेलं असतंच. इथे टेकून उभा राहतो आणि फळी वाचतो. वाचू देत. फुकट आहे."

"दुसऱ्या मालकांच्या पाट्याही असतात."

"असतात. पण ते घोडा मिळाल्यावर पाटी करतात." म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "तुम्ही एकटेच आधी करता, मिस्टर अल्सीद. घोडा दुसऱ्याचा आणि पाटीवर खाली तुमचं नाव. पहिल्यांदा मला वाटलं तुम्ही घोडा घेतलात. पण रविवारी वर्तमानपत्रात वाचलं की तो डुहॉनकडे गेला. मी कोणाच्या भानगडीत पडत नाही."

अल्सीद स्टुलावर बसला. चिठ्ठी कुलूपबंद पेटीत टाकली. पाकीट स्वतः चिकटवलं. आणि घोड्याचं नाव आपल्या नावासकट पितळेत कोरून तीन दिवस आधी भिंतीवर टांगलं! का? तर डुहॉनसारखी चिंध्यांची म्होरकी घेऊन पॅडॉकमध्ये, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या कुंपणात, उभं राहणं त्याला जमणारं नव्हतं. आपला घोडा पहिल्याच पावलापासून आपल्या नावानं चालला पाहिजे. दुसरे घोडा मिळेल का याची काळजी करतात. याला पाटी वेळेवर होईल का याची काळजी होती.

चोर सापडला होता. तो स्टुलावर बसला होता, टोपी मांडीवर घेऊन.

मग एकदम त्याला हसू आलं. तीनशे घोड्यांच्या ट्रॅकवर एक श्रीमंत माणूस दर बुधवारी बारा मैल येत होता, कशासाठी? तर गिरणीत बॉयलर सांभाळलेल्या अल्सीद रीदोच्या मनात कोणता घोडा आहे हे वाचायला. डुहॉनला स्वतःची नजर नव्हती, म्हणून तो अल्सीदची उसनी घेत होता. अल्सीदची छाती दोन इंच फुगली. वाईट दिवशीसुद्धा माणसाला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

"फळी काढून ठेवू का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मुळीच नाही," अल्सीद उठला. त्यानं खिशातून शनिवारची यादी काढली आणि सहाव्या शर्यतीवर बोट ठेवलं. "उद्या सकाळपर्यंत एक पाटी करून टांगा. नेहमीसारखीच, खाली माझं नाव. कोणी विचारलं तर खोटं बोलू नका."

"मी खरंही बोलत नाही," फ्यूसेलिए म्हणाला आणि पेन्सिल उचलली. "नाव?"

६

वॉलेस आपल्या घराच्या पायरीवर बसून झिंगे सोलत होता. अल्सीदला बघून तो उठला नाही, पण बाजूला सरकला.

माफी मागण्याचा अल्सीदला सराव नव्हता. येताना त्यानं वाटेत गाडीमध्ये तीन वाक्यं जुळवली होती, ती पायरीवर येईपर्यंत विसरली.

"मीच फोडत होतो," तो म्हणाला. "पाट्यांमुळे. फ्यूसेलिएच्या भिंतीवर."

वॉलेसनं दोन झिंगे सोलले. तिसरा सोलता सोलता त्याचे खांदे हलायला लागले. "म्हणजे तुमची परीक्षा घेतली असती तर तुम्हीच नापास झाला असतात?"

"हो."

"पितळेत कोरून?"

"कोरून. हस, पोटभर हस. पण माझं ऐक. मी तुझ्यावर आळ घेतला तो चुकीचा होता, आणि घ्यायलाच नको होता. तू माझा मुलगा आहेस. घोडे घेणं हा माझा शौक आहे, वॉलेस. तू नसलास तर तो शौक मला नको."

वॉलेसनं हात पुसले. या वेळी ते पुसून त्यानं पारेंच्या खांद्यावर ठेवले.

"तीतीसाठी काय करायचं?" त्यानं विचारलं. शनिवारची यादी त्यानंही वाचली होती, आणि कॉपर केटल कोण हे घराबाहेर फक्त त्यालाच माहीत होतं.

"तिची पाटी करायची नाही. जनरल डिलिव्हरीची करायला टाकलीय."

वॉलेसचे डोळे विस्फारले. जनरल डिलिव्हरी हा त्याच सहाव्या शर्यतीतला घोडा. दिसायला देखणा, मान राजासारखी, पाय चारही शाबूत. रोग एकच, आळस. अर्ध्या वाटेत त्याला वाटायचं की आज एवढं पुरे.

"डुहॉनला कळणार नाही?"

"डुहॉन घोडा बघत नाही, पाटी बघतो. आणि एका शर्यतीत एका मालकाला चिठ्ठी एकच."

७

शनिवारी सगळी बेल प्रेरी ट्रॅकवर होती. वर्डी चर्चची निळी हॅट घालून आली होती, हातात मोठी पर्स. अल्सीदनं चिठ्ठी लिहिली, वॉलेसनं वाचली, दोघांनी मिळून पेटीत टाकली. या खेपेला अल्सीदच्या हातात म्होरकी नव्हती, नुसती सुती दोरीची वळलेली फास-म्होरकी होती, पाच मिनिटांत बांधलेली. ती खिशात मावत होती. मालक झाल्यापासून इतक्या साध्या सामानानिशी तो पॅडॉकमध्ये कधी उभा राहिला नव्हता.

शर्यतीआधी घोडे गोल फिरत होते. तीती अंगानं भरली होती, पण चाल तीच, डावा कान किंचित मागे. वर्डी कुंपणाशी होती. तिनं हाक मारली नाही. हाक मारली असती आणि घोडीनं कान टवकारला असता, तर कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या डुहॉनलाही दिसलं असतं.

डुहॉन मात्र जनरल डिलिव्हरीकडे बघत होता. मध्येच तो अल्सीदकडे बघून हसला. अल्सीदनं तोंड पाडून दाखवलं, आणि ते त्याला फारसं अवघड गेलं नाही. तिसऱ्याच कोणाला ती घोडी आवडली तर? गेटमधून सुटताना तिचा पाय मुडपला तर?

गेट उघडलं. वर्डीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. आता जे व्हायचं होतं ते झालं होतं. ती कोणाची तरी झाली होती, फक्त कोणाची ते कागदात होतं. तीती दुसऱ्या रांगेतून पुढे सरकली, वळणावर कुंपणाशी जागा मिळाली आणि ती तिसरी आली, बक्षीस जुन्या मालकाला. जनरल डिलिव्हरी सहाव्या खांबापर्यंत पुढे होता. मग त्याला पुरे वाटलं.

कारकून कागद घेऊन आला. चामड्याची बाटली त्याच्याकडे नव्हती.

"जनरल डिलिव्हरी. एक दावा. मिस्टर डुहॉन."

डुहॉनचं हसू थांबलं. त्यानं अल्सीदकडे बघितलं. दुसरी चिठ्ठी कुठे गेली हे त्याला समजेना.

"कॉपर केटल," कारकुनानं पान उलटलं. "एक दावा. मिस्टर रीदो."

वर्डीनं मनगट सोडलं आणि ती चालायला लागली. अल्सीदला मात्र आधी एक काम होतं. तो डुहॉनजवळ गेला आणि कोटाच्या खिशातून पितळी पाटी काढली. येताना ती फ्यूसेलिएकडून उचलून आणली होती. ऊन पडून पाटी झळकली. 'जनरल डिलिव्हरी', आणि खालची ओळ म्हाताऱ्यानं घासून कोरी केली होती.

"हे घ्या, मिस्टर डुहॉन. घोडा तुम्ही निवडलात, पाटी माझ्याकडून. तुमचं नाव तेवढं कोरून घ्या. बुधवारी जाताच तुम्ही."

डुहॉनचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. शेजारी उभ्या झीनोला यातलं काही कळलं नव्हतं, पण तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

"मी वाचलं ते चूक होतं?" डुहॉन हळू आवाजात म्हणाला.

"नाही. नाव माझंच होतं," अल्सीद म्हणाला. "पण घोडा बघायला पॅडॉकमध्ये यावं लागतं, दुकानात नाही."

पलीकडे जुन्या मालकाच्या माणसानं तीतीची म्होरकी काढून घेतली होती आणि मानेभोवती हात टाकून तिला धरून ठेवलं होतं. घोडी घामानं निथळत होती, नाकपुड्या फुललेल्या. वर्डी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तीतीनं नाक पुढे केलं, निळी हॅट हुंगली, खांदा हुंगला, आणि मग थेट पर्समध्ये तोंड घातलं. पर्समध्ये उसाची कांडं होती.

"पाच वर्षं झाली," वर्डी म्हणाली. "अजून चोरटी ती चोरटीच." आणि घोडीच्या कपाळाला कपाळ लावून ती सगळ्या ट्रॅकसमोर रडली. विकली त्या दिवशी ती आतून रडली होती, आज उघड रडली. अल्सीदनं मान दुसरीकडे फिरवली नाही. वॉलेसनं पारेंच्या हातातून दोरीची म्होरकी घेतली आणि तीतीच्या डोक्यात चढवली.

ती तिघं आणि घोडी सगळ्या लोकांमधून चालत तबेल्याकडे गेली. घोडीच्या गालावर ना पितळ होतं ना कोणाचं नाव. आणि तरीही आयुष्यात अल्सीदची मान इतकी ताठ कधी झाली नव्हती.

८

सोमवारी सकाळी तो फ्यूसेलिएच्या दुकानात गेला, अर्धा डझन गरम बुदाँ घेऊन. डुकराच्या मांसाची ती भात भरलेली सॉसेजं म्हाताऱ्याचा जीव की प्राण.

"पाटी हवी," तो म्हणाला.

फ्यूसेलिएनं बुदाँचा कागद उघडता उघडता चष्म्यावरून बघितलं. "घोडा मिळाल्यावर की आधी?"

"आमच्या परसात आहे. बायकोचा वाफा खातेय."

"नाव? कॉपर केटल ना?"

"नाही. तीती. आणि खाली माझं नको, 'व्ही. रीदो' लिहा. वर्डीचा व्ही."

म्हाताऱ्यानं पितळेचा तुकडा निवडला, जाड आणि चांगला, आणि कोरायला बसला. अल्सीद गल्ल्याला टेकून उभा राहिला, डुहॉन उभा राहायचा त्याच जागी. पाटी झाली तेव्हा फ्यूसेलिएनं ती कापडानं पुसली आणि कागदात गुंडाळायला घेतली.

"थांबा," अल्सीद म्हणाला. "बुधवारपर्यंत टांगून ठेवा. मधल्या खिळ्यावर."